जावेच्या नावावर

"गाठ पाण्याची, अन् काढतायत रक्त. ते बी बाटलीभर," शैलाक्का पुटपुटल्या.

कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण तृप्ती त्यांचा हात मांडीवर घेऊन बसली होती, सुई शिरेत होती आणि दोघींच्या कपाळांत वीतभर अंतर होतं, त्यामुळं ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. तरी तिनं ऐकलं नाहीच. एका अंगणात दोन जावांनी एकवीस वर्षं नांदायचं म्हणजे एवढं अंगी बाणवावं लागतं.

"झालंच, अक्का. मूठ सोडा."

शैलाक्कांनी मूठ सोडली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. अंगणापलीकडं त्यांची शेड होती. तासगावात बेदाण्याच्या शेडा शंभर असतील, पण शैलाक्कांच्या शेडेतला माल म्हटलं की व्यापारी पेटी उघडून बघत नसत. कॅमेऱ्यानं निवड करणारी यंत्रं आता सगळीकडं आली होती. शैलाक्कांनीही एक घेतलं होतं. त्यानं निवडलेला माल त्या पुन्हा चाळीस बायकांकडून निवडून घेत, आणि बायकांनी निवडलेल्यावर शेवटची नजर स्वतः टाकत.

त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. दिवाळीनंतर त्यांचं पोट फुगायला लागलं, जानेवारीत सांगलीला ऑपरेशन झालं. सर्जन म्हणजे त्यांचे यजमान संपतराव यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी बाहेर येऊन डोक्यावरची टोपी काढली, संपतरावांना खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं आणि आजाराचं नाव सांगितलं. ते नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या घरात पोचलं, दुसऱ्या दिवशी भावकीत, आठवड्यानं शेडेत. एकाच माणसाला ते कुणी सांगितलं नाही. शैलाक्कांच्या वाट्याला आली ती पाण्याची गाठ. ती काढलीय, आता ताकदीची सलाइनं घ्यायची. त्या सलाइनांनी केस गेले तेव्हा ते उष्णतेनं गेले असं सर्वानुमते ठरलं. शैलाक्कांनी डोक्याला रुमाल बांधला आणि उष्णतेवर सब्जाचं पाणी प्यायल्या.

सलाइनांनी पोटात उरलेली गाठ थोडी हटली, मग हटेना. तेव्हा सर्जननीच सुचवलं की धाकट्या वहिनी ज्या लॅबमध्ये आहेत तिथं ते नवं यंत्र आलंय ना, त्यात रक्त घालून बघू.

तृप्ती मिरजेच्या एका लॅबमध्ये सीनिअर टेक्निशियन होती. डीएमएलटी ही लॅबची पदविका केली होती, बाकी जे काही येत होतं ते सोळा वर्षं यंत्रांशेजारी उभं राहून आलेलं. नव्या यंत्राचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं, लॅबमध्ये सगळे त्याला चाळण म्हणत. दहा मिलिलिटर रक्तात लाल पेशी असतात पाच हजार कोटींच्या घरात, पांढऱ्या सहा-सात कोटी, आणि गाठीतून निसटून रक्तात आलेल्या पेशी असल्याच तर दहा-पंधरा. चाळणीत केसाहून बारीक नागमोडी वाटा कोरलेल्या होत्या. रक्त त्यांतून पळवलं की वळणावळणाला मोठ्या पेशी एका कडेला सरत आणि लहान दुसऱ्या. शेवटच्या वळणावर ज्या चार चुकार पेशी उरत त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

ओव्हरीचा कॅन्सर बहुतेक पोटातल्या पोटात पसरतो, तिथं साठलेल्या पाण्यावर तरंगत. रक्तात उतरतात त्या पेशी थोड्या आणि उतरून टिकतात त्या त्याहून थोड्या. प्रवाहाच्या रेट्यानं त्या फाटतात, पांढऱ्या पेशी त्यांना खाऊन टाकतात. ज्या टिकतात त्या झुबक्यानं राहतात आणि प्लेटलेट्स अंगावर ओढून घेतात, थंडीत पोरं एका गोधडीत शिरतात तशा. केमोचं औषध पचवूनही त्या जिवंत असतात म्हणजे कशाच्या तरी आधारावर असणार. तो आधार हुडकायचा आणि तो काढून घेईल असं औषध द्यायचं. त्यासाठी निम्म्या पेशी फोडून आतले जनुकांचे निरोप वाचायचे. उरलेल्या निम्म्या नखाएवढ्या काचेवर जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या आणि त्यांना एकेक औषध पाजून बघायचं. बाई घरी भाजी चिरत असते, आणि तिच्या पेशी मिरजेत तिच्या वतीनं औषधं घेऊन बघतात.

या जिवंत पेशींवरून पाच वर्षांपूर्वी बराच गदारोळ झाला होता. कुठल्याशा लॅबनं लोकांच्या पेशी वाढवून परस्पर विकल्या, आणि ज्यांच्या त्या होत्या त्यांना पत्ताच नव्हता. मग कायदा आला. शरीराबाहेर जिवंत असलेली पेशी ज्याची, मालक तोच. त्यानं नोंदणी अधिकाऱ्यासमोर, कॅमेऱ्याकडं बघून, स्वतःच्या शब्दांत सांगायचं की मला काय आजार आहे आणि पेशी कशासाठी देतोय. नातेवाइकांनी सांगितलेलं चालणार नाही. कुणी शब्द सुचवला तर नोंद बाद, परत पंधरा दिवसांनी या. कायदा करणाऱ्यांनी सगळ्या लबाड्यांचा विचार केला होता, फक्त मायेच्या माणसांच्या लबाडीचा राहून गेला.

संपतरावांनी तोड काढली. नोंद तृप्तीच्या नावावर करायची. नाव कुणाचं का असेना, रक्त तर शैलाचंच जाणार आहे. औषध काय निघेल ते निघू दे, सर्जन आपलेच आहेत, ते देतील. केतकीचं लग्न ठरलंय, कार्तिकात तारीख धरलीय, तोवर हिच्या कानावर काही जायला नको. ही हाय खाईल. केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती तिथंच बसली होती आणि मान खाली घालून मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत होती. तृप्तीला हे पटलं असं नाही. पण थोरल्या दिरानं एकवीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्यापुढं हात जोडले होते, आणि जोडलेले हात समोर असताना तिला नीट विचार करता येत नसे.

नोंदणी तिनं मिरजेत केली नाही, तिथं सगळे ओळखीचे. ती विट्याच्या केंद्रात गेली. कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "मला ओव्हरीचा कॅन्सर आहे, तिसऱ्या टप्प्याचा. पेशी औषध शोधण्यासाठी देतेय." एका दमात. तिथल्या बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी पाणी हवं का विचारलं. तृप्तीनं नको म्हणून सांगितलं आणि बसस्टँडवर येऊन भडंग खाल्लं.

लॅबमध्ये नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. शैलाक्कांचा नमुना लावायच्या दिवशी चाळणीवर आपलीच पाळी येईल असं तिनं बघितलं.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. धडधाकट अशा दोन माणसांच्या जनुकांतही हजारो ठिकाणी फरक असतो. त्यामुळं पेशीत एखादा बदल दिसला तर तो गाठीनं केलेला की आईबापांकडूनच आलेला, हे त्या माणसाची मूळ प्रत शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. ही मूळ प्रत चाळण सरकारी आरोग्य-नोंदीतून स्वतःच उचलते. तृप्तीची तिथं होतीच. यंत्र बसवलं तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांनी चाचणीसाठी रक्त दिलं होतं.

नमुना लावला आणि पडद्यावर पिवळा चौकोन आला. ओळख जुळत नाही, कारण निवडा. असा चौकोन दिवसातून पाच-सहादा यायचा. ऑपरेशनच्या वेळी बायकांना दुसऱ्याचं रक्त चढवलेलं असतं, त्यातलं काहीबाही यंत्राला दिसतं आणि ते कुरकुरतं. म्हणून पहिलंच कारण होतं, 'रक्त चढवलेले', आणि लॅबमधल्या सगळ्यांची बोटं न बघता तिथं जायची. शैलाक्कांना दोन बाटल्या चढवल्याच होत्या. तृप्तीनं पहिलं कारण दाबलं आणि डबा खायला गेली.

नाव आपलं लावलंय तर मूळ प्रतही आपलीच येणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं जागच्या जागी पकडलं असतं. पण नावाची अदलाबदल ही तिच्या लेखी घरातली गोष्ट होती आणि नमुना ही लॅबमधली. या दोन गोष्टी तिनं कधी एका ताटात वाढून बघितल्याच नाहीत.

रिपोर्ट आला तो डोळे दिपवणारा. अकरा पेशी सापडल्या होत्या आणि फोडून वाचलेल्या प्रत्येकीत नेहमीच्या कितीतरी पट बदल होते. इतके बदल झालेली पेशी शरीराला परकी दिसायला लागते, मग पांढऱ्या पेशींचा लगाम सैल करणारं एक औषध दिलं की त्या तिच्यावर तुटून पडतात. ओव्हरीच्या बायकांत असं भाग्य क्वचित एखादीचं. हे औषध काचेवर मात्र तपासता येत नाही, कारण काचेवर पांढऱ्या पेशींची फौज नसते. बदलांच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा. सर्जननी ठेवला. संपतरावांनी गणपतीला नारळ फोडला. शैलाक्कांना सांगितलं की हे आणखी वरच्या ताकदीचं सलाइन आहे.

तृप्तीच्या मोबाइलवर संदेश यायला लागले. नमस्कार तृप्ती, आज तुमच्या पेशींचा नववा दिवस असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. नमस्कार तृप्ती, तुमच्यासारख्याच आणखी भगिनींशी बोलायला आवडेल का? तिचा नवरा प्रमोद सगळं जाणून होता. तरी पहिला संदेश वाचल्यापासून तो तिला रोज सकाळी डाळिंब सोलून द्यायला लागला. तिनं विचारलं की अहो, मला काही झालेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? तो म्हणाला, माहीत आहे की, पण लिहिलेलं वाचलं की कसंतरीच होतं. तृप्तीनं डाळिंब खाल्लं. खोट्या आजाराला मिळालेली खरी सेवा तिला गोड लागली आणि त्याची लाजही वाटली.

सहा आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी शैलाक्का तिच्याकडं इस्त्री मागायला आल्या, आणि तृप्तीला दिसलं की त्यांच्या निऱ्या नेहमीच्या जागी नाहीत. साडी बेंबीखाली चार बोटं उतरली होती. पोटाच्या वर ती बसतच नव्हती.

त्या दिवशी लॅबमध्ये गेल्या गेल्या तिनं जुना नमुना उघडला. गाठीच्या पेशींचं राहू दे, ती मनाशी म्हणाली, आधी त्याच रक्तातल्या साध्या पांढऱ्या पेशी बघू. दोन बाटल्या रक्त चढवलेलं असेल तर शंभरात एखादी परकी दिसेल. इथं शंभरातल्या शंभर परक्या होत्या. तृप्तीच्या मूळ प्रतीशी त्यांतली एकही जुळत नव्हती, आणि का जुळावी? ते डोळे दिपवणारे बदल गाठीनं केलेलेच नव्हते. शैलाक्का आणि तृप्ती या दोन वेगळ्या बायका आहेत, एवढंच चाळणीनं इमानेइतबारे मोजून दिलं होतं.

तिनं सर्जनना फोन करून पोटाचं आणि रिपोर्टचं सांगितलं. मग उठून लॅबच्या प्रमुख डॉ. निलोफर मुजावर यांच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "नाव तुमचं?"

"माझं."

"रक्त?"

"जावेचं."

"आणि पिवळा चौकोन कुणी दाबला?"

"मीच."

डॉ. मुजावर रागावल्या नाहीत, त्या रागावणाऱ्यांतल्या नव्हत्याच. नळाची गळती समजावून सांगावी तशा आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. चौकशी होईल, पत्र आजच निघेल, नोकरी राहील असं त्या सांगू शकत नाहीत. आता बाईंचं. सर्जन पुढच्या सोमवारी जोराची केमो सुरू करणार म्हणताय. एकदा ती गेली की महिनाभर रक्तात पेशी सापडणार नाहीत, आणि पोटाची ही गती बघता महिना हातात नाही. म्हणजे रक्त शुक्रवारपर्यंत घ्यायला हवं, खऱ्या नावावर, खऱ्या मूळ प्रतीशी लावून. काचेवरच्या जुन्या पेशी तृप्तीच्या नावावर आहेत, त्यांना आता हात लावता येत नाही. शुक्रवारी नोंदणी अधिकारी इथंच येतात.

"शुक्रवारी त्या काय सांगतील, मला काय आजार आहे म्हणून?"

"पाण्याची गाठ," तृप्ती म्हणाली.

"मग नोंद बाद. पंधरा दिवस." डॉक्टरांनी पडदा आपल्याकडं वळवला. "आणखी एक आहे. वाचलेल्या सगळ्या पेशींत कॅन्सरची वाट उघडणारा एक बदल सारखाच दिसतोय. तुमच्या प्रतीशी लावल्यामुळं यंत्रानं तो गाठीचा म्हणून दाखवलाय. तो जन्मजात असू शकतो. त्यांना मुलगी आहे?"

"आहे. सव्वीस वर्षांची. लग्न ठरलंय."

"मग तिचं—"

"ते नंतर बघू, मॅडम."

डॉ. मुजावरांनी तिच्याकडं बघितलं, आणि रोज दहा घरांना वाईट बातम्या सांगणाऱ्या त्या बाईनंही ते वाक्य पुरं केलं नाही.

घरी बैठक बसली. चूक आपली आहे हे तृप्तीनं सगळ्यांना सांगितलं. संपतराव म्हणाले की डोकं माझंच होतं त्यात, तू कशाला एकटीनं घेतेस. शैलाला मी सांगतो, ते म्हणाले. नवऱ्यानंच सांगायला हवं.

मंगळवारी ते शैलाक्कांना गाडीत घालून फिरायला घेऊन गेले. सांगलीच्या रस्त्याला एका झाडाखाली गाडी थांबवली, दोघांनी उसाचा रस घेतला, संपतरावांनी दुसरा ग्लास मागवला, आणि ते परत आले. बुधवारी केतकीनं सांगायचं ठरलं. ती आईच्या खोलीत तासभर दार लावून बसली आणि बाहेर आली ती लग्नात द्यायच्या साड्यांची यादी घेऊन. यादी शैलाक्कांनी सांगितली होती, हिनं लिहून घेतली होती. तिचं नाक लाल झालेलं होतं.

गुरुवार तृप्तीकडं आला. दुपारी बायका जेवायला गेल्या तेव्हा ती शेडेत शिरली. शैलाक्का निवडयंत्राच्या बंद पट्ट्याशी पाटावर बसून हिरव्या बेदाण्यातल्या काड्या काढत होत्या. तृप्ती समोर बसली आणि तिनंही हात घातला. वाक्य तयार होतं. विट्याला कॅमेऱ्यासमोर म्हटलेलंच म्हणायचं होतं, फक्त माणूस बदलायचं.

"आमची आई बावन्नाव्या वर्षी गेली," शैलाक्का मध्येच म्हणाल्या. "पोटात पाणी झालं म्हणत्यात. मावशीला बी तसंच झालतं. आता त्येला कुणी रिपोर्ट काढला नव्हता, पाणी म्हटलं की पाणी."

"हो का," तृप्ती म्हणाली. आपण हो का म्हणालो हे ऐकून तिलाच कसंसं झालं. पण तेवढंच आलं.

"तू काय सांगायला आलीयास?"

"उद्या मिरजेला यायचंय, अक्का. रक्त परत घ्यायचंय. तिथं एक साहेब विचारतील, काय आजार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा म्हणून."

"मग काय सांगू?"

तृप्तीनं एक बेदाणा न बघताच निवडलेल्यांत टाकला. "तुम्हाला वाटेल ते."

शैलाक्कांनी तिच्याकडं नजर टाकली. बेदाण्यावर टाकत तीच. मग हात लांब करून त्यांनी तृप्तीपुढचा ढीग आपल्याकडं ओढला. "ऱ्हाऊ दे. तू निवडलेल्यात निम्म्या काड्या तशाच हायत. लॅबमध्ये बी असंच करतीस काय गं?"

त्या हसल्या. तृप्तीला हसता आलं नाही, रडताही आलं नाही. तिनं पदर झटकला आणि घरी आली. घरी आल्यावर तिनं प्रमोदला सांगितलं की झालं नाही. प्रमोद म्हणाला, मी सांगू का? आणि दोघांनाही माहीत होतं की तो सांगणार नाही.

शुक्रवारी सगळे मिरजेला गेले. नोंदणीची खोली लहान होती. टेबल, कॅमेरा, पाच खुर्च्या. अधिकारी घोरपडे निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी नियम वाचून दाखवले. कुणी बोलायचं नाही, खुणावायचं नाही. भिंतीला लागून संपतराव आणि केतकी बसले, दाराशी तृप्ती, आणि फाइल घेऊन डॉ. मुजावर उभ्या. शैलाक्का कॅमेऱ्यासमोर. डोक्याचा रुमाल त्यांनी साडीच्या रंगाचा बांधला होता.

कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला.

"तुमचं नाव?"

"शैलजा संपतराव जमदाडे."

"तुम्हाला काय आजार आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

शैलाक्कांनी मान वळवून एकेकाकडं बघितलं. संपतराव भिंतीवरच्या नियमांचा तक्ता वाचत होते. केतकीनं डोळे मिटले होते. डॉक्टरांची नजर फाइलमध्ये होती. तृप्तीपाशी येऊन ती नजर थांबली, आणि तृप्तीनं खाली बघितलं.

"मला ठावं न्हाई," शैलाक्का म्हणाल्या.

"म्हणजे? काहीतरी सांगितलं असेल ना तुम्हाला?"

"सांगितलंय, पाण्याची गाठ. पर पाण्याच्या गाठीला बाई टकली होत न्हाई, साहेब. आमच्या शेडेत चाळीस बायका हायत. त्यातल्या कुणालाबी विचारा, मला काय झालंय ते घडाघडा सांगंल. मी बोलाय लागली की मात्र गप हुत्यात. मला माझ्या माणसांनी सांगितलेलं न्हाई. म्हणून मला ठावं न्हाई."

घोरपड्यांनी नियमांकडं बघितलं, शैलाक्कांकडं बघितलं, आणि म्हणाले की असं असेल तर नोंद बाद धरावी लागेल, पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागेल. बाद करायचं बटण त्यांच्या हाताशीच होतं. पण त्यांनी आधी चष्मा काढला, तो पुसला, घडी घालून खिशात ठेवला, मग दुसरा चष्मा शोधायला लागले. तीस वर्षांच्या नोकरीत वेळ काढण्याची कला त्यांना साधली होती, आणि ते ती आता मन लावून वापरत होते.

तृप्तीनं मोजलं. पंधरा दिवस आणि वर केमोचे तीस. मोजून झाल्यावर ती उठली, दोन पावलं पुढं गेली आणि शैलाक्कांच्या खुर्चीपाशी खाली बसली. दोघींच्या कपाळांत पुन्हा वीतभर अंतर राहिलं.

"अक्का, तुम्हाला कॅन्सर आहे. ओव्हरीचा. जानेवारीपासून आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुमचं रक्त मी माझ्या नावावर लावलं, त्यामुळं औषध चुकीचं निघालं. तुमचे सहा आठवडे माझ्यामुळं गेले."

सगळं बोलून झालं तरी तिचा आवाज साधाच राहिला, त्याचं तिलाच नवल वाटलं. संपतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केतकी रडत होती, पण आवाज न करता. या घरातल्या मुलीला ते चांगलं शिकवलेलं होतं.

शैलाक्कांनी तृप्तीकडं बघितलं. रागानं की कसं, ते तृप्तीला त्या वेळी कळलं नाही आणि पुढंही नीट कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "काल शेडेत का बोलली न्हाईस?" आणि उत्तराची वाट न बघता घोरपड्यांकडं वळल्या.

"साहेब, हे चालू हाय का बंद?"

घोरपड्यांना दुसरा चष्मा सापडला होता. त्यांनी पडद्यावर काहीतरी पुसलं. "मघाचं यंत्रानं नीट घेतलं नाही," ते म्हणाले. "मी प्रश्न परत विचारतो. आधीचं मी काही ऐकलेलं नाही. तुम्हाला काय आजार आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

"मला ओव्हरीचा कॅन्सर हाय. माझ्या पेशी औषध हुडकायला देतीया."

"ठीक. झालं तुमचं."

"न्हाई, थांबा, झालं न्हाई." शैलाक्का खुर्चीत अवघडत मागं वळल्या आणि त्यांनी भिंतीकडं हात केला. संपतराव अर्धवट उठत म्हणाले, शैला, राहू दे ना ते आता. डॉ. मुजावरांनी फाइल मिटली. शैलाक्का कुणासाठी थांबल्या नाहीत.

"ही माझी लेक, केतकी. माझ्या आईचं माझ्यात आलं, ते माझ्यातनं हिच्यात गेलं असंल. हिचं रक्त घ्या. अन् हिच्याच नावावर घ्या."